डिस्ने व्हेकेशन क्लब: आत्ता १५० पॉईंट घ्यावे की एकदम २५०?

एडिसनची_मुग्धा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी इथे विचारते. डिस्ने व्हेकेशन क्लब (डीव्हीसी) म्हणजे एकदा पैसे भरून पॉईंट घ्यायचे आणि मग दर वर्षी त्या पॉईंटांवर डिस्नेच्या रिसॉर्टमध्ये राहायचं, तो घ्यायचा विचार आहे. आम्ही न्यू जर्सीत, मी, नवरा आणि आठ वर्षांची लेक. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात इथे टीचर्स कन्व्हेन्शनमुळे शाळांना सुट्टी असते, तेव्हा अर्धी जर्सी ऑरलँडोला असते, त्यात गेली तीन वर्षं आम्हीही. हॉटेलचं बिल दर वर्षी वाढतंय, आणि लेकीला ती जागा मनापासून आवडते, त्यामुळे पुढची दहा वर्षं तरी जाणारच हे नक्की.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा सांगलीहून सहा महिने आले होते, त्यांनाही नेलं. दोन रूम घेतल्या त्या वेगवेगळ्या मजल्यांवर मिळाल्या, बाबांना रात्री दोनदा उठावं लागतं म्हणून मी धसका घेऊन झोपायचे, आणि आईचा सोमवार, बाहेरचं काही चालेना, तर बिचारीने कॉफीमेकरच्या गरम पाण्याने स्टीलच्या डब्यात साबुदाणा भिजवला आणि तो नुसता दाण्याचं कूट नि मीठ घालून खाल्ला. मला फार वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी किचन असलेली जागा हवी.

तर आता डीव्हीसीच्या गाईडशी (म्हणजे त्यांच्या विक्रीच्या माणसाशी) बोलणं झालंय. रिव्हिएरा रिसॉर्टचे पॉईंट ऑफर केलेत, दर पॉईंटला दोनशे डॉलरच्या वर. जितके जास्त घ्याल तितका डिस्काउंट जास्त, त्यामुळे २५० ला दर बराच खाली येतो. नवरा म्हणतो आत्ता १५० घेऊ, लागले तर पुढे वाढवू. माझं म्हणणं, दर वर्षी भाव वाढतोच आहे तर नंतर महाग घेण्यापेक्षा आत्ताच घेऊन टाकू, आई-बाबा आले की मोठी रूम लागणारच आहे ना. आई-बाबा साधारण दोन-तीन वर्षांतून एकदा येतात. आम्ही एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) आहोत, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) झालंय, ग्रीन कार्डची वाट कधी संपेल देव जाणे. ज्यांनी घेतलंय त्यांनी प्लीज खरं काय ते सांगा.

ऑस्टिनकर

मुग्धा, आम्ही २०१३ पासून मेंबर आहोत, तीन काँट्रॅक्ट आहेत. माझं स्पष्ट मत, तुमच्या नेहमीच्या वर्षाला जेवढे लागतात तेवढेच घ्या, आई-बाबांच्या वर्षाचा हिशोब करून घेऊ नका. का ते सांगतो.

वन बेडरूमला स्टुडिओच्या (एकाच खोलीच्या) जवळपास दुप्पट पॉईंट लागतात. समजा तुमच्या आठवड्याला स्टुडिओचे ११० आणि वन बेडरूमचे २२०. (खरा आकडा रिसॉर्ट, व्ह्यू आणि सीझनप्रमाणे बदलतो, पॉईंट चार्ट समोर घेऊन स्वतः बेरीज करा, गाईडने सांगितलेल्यावर जाऊ नका.) तुमच्याकडे वर्षाला १५० आहेत. पहिल्या वर्षी ११० वापरले, ४० बँक केले, म्हणजे पुढच्या वर्षासाठी राखले. दुसऱ्या वर्षी १५० अधिक ४० म्हणजे १९०, वर तिसऱ्या वर्षातले ३० बॉरो केले (आगाऊ घेतले), झाले २२०. आई-बाबांची वन बेडरूम निघाली. तिसऱ्या वर्षी १२० उरले, त्यात परत स्टुडिओ. म्हणजे दोन-तीन वर्षांतून एकदा मोठी रूम ही १५० मध्येच बसते.

आता २५० घेतले तर काय होतं बघा. नेहमीच्या वर्षी १४० पॉईंट उरतात, ते बँक करता, पुढच्या वर्षी परत उरतात, आणि बँक केलेला पॉईंट दुसऱ्यांदा बँक होत नाही, मग संपवायला म्हणून ट्रिप काढायच्या. मेंटेनन्स ड्यूज (दर वर्षीचा देखभालीचा खर्च) पॉईंटमागे नऊ डॉलर धरा, तर जास्तीच्या १०० पॉईंटचे वर्षाला ९०० डॉलर, तुम्ही जा नाहीतर घरी बसा, ते भरायचेच. आणि ड्यूजही दर वर्षी वाढतात, नुसता पॉईंटचा भाव वाढत नाही. हे लोक विसरतात. एखाद्या वर्षी ५०-६० पॉईंट कमी पडले तर दुसऱ्या मेंबरच्या पॉईंटवर भाड्याने एक-दोन रात्री बुक करून घेता येतात, पॉईंटला वीस-बावीस डॉलर पडतात. सव्वा हजार डॉलर तीन वर्षांतून एकदा, की ९०० दर वर्षी?

दुसरं, आणि हे मी फार महागात शिकलोय म्हणून कळकळीने लिहितोय. यूज इयर. प्रत्येक काँट्रॅक्टला एक महिना असतो, त्या महिन्यात तुमचे वर्षाचे पॉईंट येतात आणि पहिल्या आठ महिन्यांच्या आतच बँक करता येतात. तुम्ही नोव्हेंबरवाले. फेब्रुवारीचा यूज इयर घेतलात तर बँकिंगची मुदत सप्टेंबरअखेर संपते, आणि समजा ऑक्टोबरअखेर पोरीला ताप आला नि ट्रिप रद्द झाली, तर ते पॉईंट जानेवारी संपायच्या आत वापरा नाहीतर गेले. ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरचा घेतलात तर मार्च ते मेपर्यंत मुदत हातात राहते. आमचा एक काँट्रॅक्ट मार्चचा आणि दोन डिसेंबरचे, वेगवेगळे यूज इयर म्हणजे दोन वेगळ्या मेंबरशिप, एकाचे पॉईंट दुसऱ्यात सरळ मिसळत नाहीत. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये वडिलांचं ऑपरेशन निघालं, भारतात जावं लागलं, मार्चवाल्याची मुदत ऑक्टोबरला संपली होती, ९० पॉईंट बुडाले. पुढे वाढवायचे असतील तर त्याच यूज इयरचे आणि त्याच नावांवर घ्या, नवरा-बायको दोघांची नावं असतील तर दोघांचीच. म्हणून पहिला काँट्रॅक्ट लहान असला तरी महिना नीट निवडा. किती पॉईंट हे नंतर बदलता येतं, महिना नाही.

बाणेर_रिटर्न

मुग्धा, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. एच-वनवर असताना चाळीसहून जास्त वर्षांचा काँट्रॅक्ट, यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. रिव्हिएराचा काँट्रॅक्ट २०७० पर्यंत आहे!

आम्ही सिएटलला होतो, आमचंही आय-१४० झालेलं होतं. २०१९ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम रिसॉर्टचे १०० पॉईंट रिसेलमध्ये (दुसऱ्या मेंबरकडून) घेतले, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या शंभरात काय होतंय, निदान दोनशे तरी घे. २०२३ च्या जानेवारीत नवऱ्याची नोकरी गेली. एच-वनवर दुसरी नोकरी शोधायला, नाहीतर देश सोडायला साठ दिवस. त्या साठ दिवसांत घराचं लीज, दोन गाड्या, मुलाची शाळा, सामान काय पाठवायचं काय वाटून टाकायचं, माझं डोकं अक्षरशः बधिर झालं होतं, आणि त्यात ड्यूजचा महिन्याचा हप्ता खात्यातून जाताना दिसायचा. १०० चा होता म्हणून झेपला. अडीचशेचा, तोही लोनवर असता, तर मी काय केलं असतं माहीत नाही.

आता पुण्यात आहोत. पहिल्या वर्षीचे पॉईंट भाड्याने दिले, ड्यूज निघून वर थोडे उरले. दुसऱ्या वर्षी विकायचं ठरवलं तेव्हा कळलं की हा काँट्रॅक्ट कागदोपत्री अमेरिकेतली स्थावर मालमत्ता धरतात, आणि विकणारा तिकडचा टॅक्स रेसिडेंट नसेल तर विक्रीच्या किमतीच्या १५ टक्के कापून आयआरएसकडे (अमेरिकेच्या आयकर खात्याकडे) जमा होतात, मग रिटर्न भरून ते परत मागायचे. कायदेशीरच आहे सगळं, पण आधी माहिती असतं तर निघायच्या आधीच विकलं असतं. तू घेणार असशील तर हे लक्षात ठेव, परत जायची वेळ आलीच तर आधी विक, मग विमानात बस.

आणि किचनबद्दल. स्टुडिओत फक्त मायक्रोवेव्ह, टोस्टर आणि छोटा फ्रीज असतो. पूर्ण किचन वन बेडरूमपासून पुढे. अ‍ॅनिमल किंगडमला किदानी व्हिलेजची वन बेडरूम घे, पाच माणसं राहतात आणि तिला बाथरूम दोन आहेत, तुझ्या बाबांसाठी हे फार मोठं आहे गं. माझे सासरे सकाळी साडेसहाला बाल्कनीत चहाचा कप घेऊन बसायचे, समोर जिराफ चरतायत, चहा गार झाला तरी हलायचे नाहीत. खाली सना म्हणून रेस्टॉरंट आहे, तिथे नान आणि त्याबरोबर नऊ तऱ्हांच्या चटण्या-लोणची मिळतात, सासूबाईंनी तीन दिवस तेच जेवण केलं. मी छोटा कुकर चेक-इन बॅगेत नेला होता, रात्री मुगाची खिचडी. आमच्याकडच्या सगळ्या ट्रिपांमधली तीच सगळ्यात चांगली होती.

टँपाचे_काका

मुग्धाताई, मी इथे फ्लोरिडात पंचवीस वर्षं आहे, रिटायर झालोय, आमच्या गटातल्या सात-आठ घरांचे काँट्रॅक्ट वाचून दिलेत त्यामुळे थोडं सांगतो.

भाव वाढतोय म्हणून आत्ताच घ्या हे अर्धंच खरं आहे. डायरेक्टचा, म्हणजे थेट डिस्नेकडून घेण्याचा, भाव वाढतो हे खरं. पण तुमच्या हातात आल्यावर त्याची किंमत रिसेलची, डायरेक्टची नाही. आणि १९ जानेवारी २०१९ नंतर नियम असा की रिव्हिएरा रिसेलमध्ये घेणाऱ्याला ते पॉईंट फक्त रिव्हिएरातच वापरता येतात. म्हणजे उद्या तुम्ही विकायला गेलात तर तुमचा खरेदीदार हे धरूनच भाव करणार. उलट पहिल्या १४ रिसॉर्टपैकी एखाद्याचे पॉईंट तुम्ही रिसेलमध्ये घेतलेत तर ते त्या चौदांमध्ये चालतात, रिव्हिएरा, फोर्ट वाइल्डरनेसच्या केबिन आणि कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड हॉटेलचं नवीन टॉवर एवढ्यांत नाही. साराटोगा रिसॉर्टचा काँट्रॅक्ट २०५४ पर्यंत आहे, अ‍ॅनिमल किंगडम २०५७. तुमच्या वयाला तेवढं पुष्कळ झालं. बोर्डवॉक, बीच क्लब स्वस्तात दिसतील पण ते २०४२ ला संपतात, तिथे वर्षं मोजून भाव करा.

डायरेक्टचा फायदा म्हणजे पार्कच्या पासवर, दुकानांत, जेवणावर मिळणाऱ्या सवलती, त्याला किमान १५० डायरेक्ट पॉईंट लागतात. तुम्ही वर्षातून एकदा आठवडाभर जाणार, त्या सवलतींतून फरक भरून निघतो का हे तुमच्या मागच्या तीन वर्षांच्या पावत्या काढून बघा. बहुतेक निघत नाही. आणि तिकिटं पॉईंटमध्ये येत नाहीत, ती वेगळीच. लेक दहाची झाली की मोठ्यांचं तिकीट.

अजून एक गोष्ट म्हणजे काँट्रॅक्टचे तुकडे. २५० चा एक काँट्रॅक्ट असेल तर नंतर त्यातले १०० वेगळे काढून विकता येत नाहीत, विकायचा तर अख्खा. दीडशेचा एक नि पुढे शंभरचा एक असे दोन असतील तर लहान विकून मोठा ठेवता येतो, आणि लहान काँट्रॅक्टला रिसेलमध्ये पॉईंटमागे भाव थोडा जास्तच मिळतो. फार बारीक २५-२५ चे घेऊ नका, प्रत्येक वेळी क्लोजिंगचा खर्च बसतो.

लोनवर तर मुळीच नको. तेवढे पैसे हातात नसतील तर तेवढे पॉईंट आपले नाहीत असं समजा. आणि सही केलीच असेल तर घाबरू नका, फ्लोरिडाच्या कायद्यात दहा दिवसांत लेखी कळवून रद्द करता येतं.

एडिसनची_मुग्धा

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री आम्ही दोघं जेवणानंतर पॉईंट चार्ट घेऊन बसलो ते साडेबारा वाजले. बाणेर_रिटर्न, तुझं वाचून नवरा बराच वेळ गप्प होता. सही अजून केलेली नाहीये काका. एक शंका, होम रिसॉर्टची (ज्याचे पॉईंट घेतले ते रिसॉर्ट) अकरा महिने आधी बुकिंगची गोष्ट नोव्हेंबरसाठी खरंच इतकी महत्त्वाची आहे का? की साराटोगाचे स्वस्त घेऊन सात महिन्यांवर किदानी मिळेल?

ऑस्टिनकर

नोव्हेंबरला नाही मिळत, त्यावर विसंबून घेऊ नका. होम रिसॉर्टला अकरा महिने आधी बुकिंग उघडतं, म्हणजे तुम्हाला आदल्या डिसेंबरच्या सुरुवातीला, बाकीच्यांना सात महिन्यांवर, म्हणजे एप्रिलमध्ये. ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात हा मेंबरांच्या सगळ्यात गर्दीचा काळ. एप्रिलपर्यंत किदानीच्या छोट्या रूम संपलेल्या असतात, स्टँडर्ड व्ह्यू तर त्याआधीच. जिथे राहायचंय तिथलेच घ्या. साराटोगातच राहायला आवडत असेल तर साराटोगा घ्या, उत्तम जागा आहे, पण किदानीच्या आशेने नको.

बाणेर_रिटर्न

+१. आणि घ्यायच्या आधी एकदा पॉईंट भाड्याने घेऊन किदानीला राहून ये. तिथून मॅजिक किंगडम लांब आहे, बस शिवाय पर्याय नाही, बाबांना ती बस झेपते का ते आधी कळू दे.

एडिसनची_मुग्धा

ठरलं मग. या नोव्हेंबरला आई-बाबा येतायत, तर एका मेंबरकडून किदानीच्या वन बेडरूमसाठी सहा रात्री भाड्याने घेतोय, आज बोलणं झालं. ते आवडलं तर जानेवारीत अ‍ॅनिमल किंगडमचा रिसेल शोधणार, १२० ते १५० च्या मधला, सप्टेंबर किंवा ऑक्टोबर यूज इयर, दोघांच्या नावावर, रोख. बाकीचे १०० पॉईंट, ग्रीन कार्ड हातात आल्यावर बघू. गाईडला सकाळी फोन करून नाही म्हणून सांगितलं, भला माणूस आहे, काही बोलला नाही.

आईला सांगितलं की या वेळी शेगडी आहे, तर ती लगेच विचारते, मग तीन लिटरचा कुकर आणू की पाचचा. मी म्हटलं तीनचा.