स्वादुपिंडाचा कॅन्सर: आईचं आधी ऑपरेशन की आधी केमो? कोल्हापूरकरांचा सल्ला हवा

शाहूपुरीतला धाकटा
नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची. गणपतीनंतर डोळे पिवळे झाले, अंगाला खाज, लघवी गडद. तीन आठवडे कावीळ समजून आम्ही झाडपाल्याचं औषध देत बसलो. आता सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्याशी ३.८ सेंमीची गाठ आहे, आतड्याच्या मुख्य धमनीला टेकलेली. यकृत, फुप्फुस स्वच्छ. एक डॉक्टर म्हणतात लगेच काढू, दुसरे म्हणतात आधी केमो, वाटलं तर रेडिएशन, मग ऑपरेशन. मामा चिडलेत, 'गाठ पोटात ठेवून महिने घालवायचे?' ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपया सांगा.

कसबा बावड्याची सून
दादा, सासऱ्यांचं असंच होतं, म्हणून सविस्तर लिहिते. 'टेकलेली' म्हणजे किती, हे आधी विचारा. धमनीच्या घेराला १८० अंशांपर्यंत चिकटली असेल तर ऑपरेशनची शक्यता काठावरची. त्याहून जास्त वेढा असेल तर आजार बराच पुढे गेलेला. त्यासाठी खास स्वादुपिंडाचं सीटी काढतात. पित्तनळीत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकायच्या आधी काढलं तर चित्र स्पष्ट येतं.

मामांना सांगा, आम्हीही हेच म्हणत होतो. सर्जननीच समजावलं, की धमनीला चिकटलेली गाठ आज सोडवायला गेलं तर थोडी मागे राहते. शिवाय या रोगाच्या पेशी पुष्कळदा आधीच रक्तातून पसरलेल्या असतात, स्कॅनमध्ये दिसत नाहीत एवढंच. आणि व्हिपलच्या, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं आणि लगतचं आतडं काढायच्या, मोठ्या ऑपरेशननंतर माणूस इतका खचतो की बऱ्याच जणांना केमो झेपतच नाही.

आमचं आधी दुर्बिणीतून स्टेंट टाकून कावीळ उतरवली, तुकडा तपासला. मग दर १४ दिवसांनी फॉलफिरिनॉक्स ही चार औषधांची केमो, आठ वेळा. त्यातलं शेवटचं औषध ४६ तास चालतं. छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्टला (केमोसाठीच्या डबीला) जोडलेला पंप कमरेच्या पिशवीत घालून सासरे घरी यायचे, दोन रात्री पिशवी उशाशी. पहिल्या केमोनंतर पहाटे त्यांनी गार तांब्या उचलला आणि शॉक बसल्यासारखा हातातून टाकला. त्या केमोतल्या ऑक्झॅलिप्लाटिन औषधामुळे गार वस्तू सोसत नाही. तेव्हापासून पाणी कोमट, आणि फ्रीज उघडायचं काम माझं.

आठ केमोनंतर सीटीत गाठ जवळपास तेवढीच दिसली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. पण सीए १९-९, म्हणजे या कॅन्सरचा रक्तातला आकडा, खूप उतरला होता, वजन टिकलं होतं, कुठे पसरलं नव्हतं. केमोनंतर मेलेली आणि जिवंत गाठ सीटीत सारखी दिसू शकते, म्हणून सगळ्या डॉक्टरांच्या एकत्र बोर्डाने पुढे जायचं ठरवलं. मग २८ दिवस रेडिएशन, सोबत केपसिटाबिन या केमोच्या गोळ्या, नंतर विश्रांती आणि ऑपरेशन. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. दोन वर्षं झाली, इन्सुलिन लागतं, पण संध्याकाळी रंकाळ्यावर जातात.

एक सांगायचं राहिलं. कावीळ असताना सीए १९-९ उगाच चढलेला येतो, ती उतरल्यावरचाच आकडा धरा.

रेडिओथेरपीवाला
मी याच कामात आहे. रेडिएशन प्रत्येकाला लागतंच असं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एलएपी०७ चाचणीत पुढे गेलेल्या आजारात केमोनंतर रेडिएशन दिल्याने आयुष्य वाढलं नाही, पण गाठ जागच्या जागी वाढायला वेळ लागला. नेदरलँड्सच्या प्रीओपँक चाचणीत मात्र ऑपरेशनआधी केमो-रेडिएशन घेतलेल्यांपैकी २०.५ टक्के पाच वर्षांनी हयात होते, थेट ऑपरेशनवाल्यांत ६.५ टक्के. त्यात काढता येण्याजोग्या आणि काठावरच्या गाठी होत्या. तुमच्या आईचा वेढा किती, यावर हे सगळं ठरेल. सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले एकत्र बसतील तिथेच फाईल दाखवा. आणि ऑपरेशन जिथे वर्षाला खूप व्हिपल होतात तिथेच. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत पोचता, परळचं टाटा जवळ आहे. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते आत्ताच विचारा.

उचगावचा मास्तर
माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं नाही. चार केमोनंतर यकृतात दिसलं, मग डॉक्टरांनीच नको म्हटलं आणि ते बरोबर होतं. पाठीतल्या दुखण्यासाठी नसेचा ब्लॉक (दुखणं पोचवणाऱ्या नसा बंद करणारं इंजेक्शन) दिला, तेव्हा ते महिन्यांनी रात्रभर झोपले. दुखणं सोसत बसू देऊ नका, पहिल्या भेटीतच सांगा. आणि शौचाला तेलकट होत असेल तर पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल मागा, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. वडिलांचं वजन त्या सुरू झाल्यावरच थांबलं. केमो चालू असताना ताप १००.४ वर गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, गाडी काढायची.

शाहूपुरीतला धाकटा
सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनी, तुमची पोस्ट मामांना वाचून दाखवली. गप्प बसले, मग म्हणाले, 'अंश किती ते विचार उद्या.' स्टेंट अजून टाकलेला नाही, त्यामुळे सीटी आधी करून घेतो. आई मात्र विचारतेय, पंप लावून भाकऱ्या थापता येतील का?

कसबा बावड्याची सून
पहिल्या दोन दिवसांत नको. तिसऱ्या दिवशी पंप निघाला की थापू देत, पीठ कोमट पाण्यात मळा.