घरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला दरवर्षी पैसे मोजायचे का?

पाचपाखाडीकर

मार्च उजाडला की कंपनीची पत्रं सुरू होतात. नवी आवृत्ती आली, ३१ तारखेच्या आत घेतली तर सवलत. माझ्याकडचं सॉफ्टवेअर संगणकावर बसवून वापरायच्या प्रकारचं आहे, एकदाच विकत घेतलं आणि तेव्हापासून बिनतक्रार चालतंय. बँकेची खाती, मुदत ठेवी, पीपीएफ, म्युच्युअल फंड, थोडे शेअर, आईचं पेन्शन, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं त्यात आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: दरवर्षी नवी आवृत्ती घेऊ नये.

हिशेबात दोन कामं असतात. एक नोंद ठेवणं: काय घेतलं, कधी घेतलं, किती युनिट, कोणत्या भावाने. दुसरं त्या नोंदीवरून नफा आणि कर काढणं. नोंदीला आवृत्ती लागत नाही. २०१४ साली घेतलेल्या फंडाची खरेदीची तारीख आजही तीच आहे. कराच्या गणितासाठी आयकर खात्याची युटिलिटी दरवर्षी नव्याने येते, तीही फुकट. मग मध्ये तिसऱ्याला वर्गणी कशासाठी द्यायची?

एक उदाहरण देतो. ठाण्यात आपल्यापैकी बहुतेकांच्या ठेवी सहकारी बँकांत आहेत. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. ही मर्यादा दर बँकेला दर ठेवीदारामागे असते. एकाच बँकेच्या नौपाडा आणि वर्तकनगर अशा दोन शाखांत पैसे असले तरी मिळून पाच लाखच, व्याज धरून. माझी जुनी आवृत्ती बँकवार बेरीज दाखवते. मर्यादा बदलली तेव्हा मी फक्त एक आकडा बदलला.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा. मला कारणं ऐकायची आहेत.

नेरूळची सीए

मला अजिबात पटत नाही. २०२४ चंच घ्या. २३ जुलैच्या अर्थसंकल्पात शेअर आणि इक्विटी फंडांवरच्या दीर्घकालीन नफ्याचा दर १० वरून १२.५ टक्के झाला, अल्पकालीन नफ्याचा १५ वरून २० टक्के. सवलतीची मर्यादा एक लाखाची सव्वा लाख झाली, पण ती सबंध वर्षाला. म्हणजे एकाच आर्थिक वर्षात २२ जुलैपर्यंतच्या विक्रीला एक दर आणि २३ पासून दुसरा. जुन्या आवृत्तीतला नफ्याचा अहवाल बघून कोणी आगाऊ कर भरला असेल तर तो कमी पडला आणि त्यावर व्याज लागलं. असे लोक माझ्यासमोर येऊन बसतात.

डेट फंडांचं, म्हणजे कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या फंडांचं, त्याहून अवघड. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या युनिटांना तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याचा दर, कितीही वर्षं ठेवा. त्याआधी घेतलेली युनिटं आज विकली, तर दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेली असल्यास १२.५ टक्के, पण महागाईचा निर्देशांक लावून खरेदीची किंमत वाढवायची नाही. एकाच फंडात तुमच्याकडे दोन्ही प्रकारची युनिटं असू शकतात. हे दर तिमाहीला हातानं कोण काढणार?

पाचपाखाडीकर

ताई, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ज्याने एप्रिल २०२४ मध्ये पैसे भरून ताजी आवृत्ती घेतली, त्याच्याकडेही जुलैनंतर चुकीचाच दर होता. त्याला कंपनीकडून दुरुस्ती यायला हवी होती. दरवर्षीची आवृत्ती हा मार्च महिन्याचा व्यवहार आहे, कायदा मार्च बघून बदलत नाही.

डेट फंडाच्या तुमच्या सगळ्या मुद्द्यात निर्णायक गोष्ट एकच आहे, खरेदीची तारीख. ती माझ्याकडे आहे. शिवाय भांडवली नफ्याचं विवरण कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था फुकट देतात, युनिटनिहाय.

नेरूळची सीए

वर्गणी भरलेल्याला ती दुरुस्ती मिळते, जुन्या आवृत्तीवाल्याला मिळत नाही. मी वर्गणी म्हणते ती याचसाठी. आणि विवरण मिळतं ते विकून झाल्यावर. विकण्याआधी "आज विकलं तर कर किती" हे कळायला हवं. निर्णय तिथे होतो.

ऐरोली टेस्टर

मी ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो, म्हणून एवढंच. सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी आवृत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत आणि कंपन्या त्या मुद्दाम एकत्र विकतात. तुमचं सॉफ्टवेअर बँकेचा पासवर्ड साठवत नसेल, इंटरनेटवर जात नसेल, तर दहा वर्षं जुनं असलं तरी धोका फारसा नाही. ते स्वतः बँकेशी बोलत असेल तर मात्र दुरुस्ती बंद झालेली आवृत्ती एक दिवसही ठेवू नका.

त्याहून मोठा प्रश्न ते ज्या संगणकावर आहे त्याचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून फुकट येणाऱ्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पाचपाखाडीकर, हिशेबाचं सॉफ्टवेअर नका बदलू, पण त्याखाली काय चालतंय ते बघा. नव्या विंडोजवर तुमची आवृत्ती बसते का, हे जुना संगणक चालू असतानाच तपासा.

कासारवडवलीहून

मी वर्गणी भरते आणि आनंदानं भरते. सकाळी घोडबंदर रोड, संध्याकाळी परत घोडबंदर रोड. घरी आल्यावर दोन मुलांचा अभ्यास. नोंदी करायला बसणं मला शक्य नाही. माझं अ‍ॅप अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत, म्हणजे आपल्या संमतीनं बँकेची माहिती अ‍ॅपपर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थामार्फत, तिन्ही बँकांचे व्यवहार स्वतः आणतं. महिन्याच्या शेवटी किराणा किती, शाळेची बस किती, ईएमआय किती, हे समोर असतं. या धाग्यावर सगळे कराबद्दल बोलताहेत. माझ्या घरात सॉफ्टवेअरचा खरा उपयोग खर्च दिसण्याचा आहे. तो दिसायला लागल्यावर आम्ही कार्डावरची उधारी वर्षभरात फेडली. वर्गणीच्या कितीतरी पट व्याज वाचलं.

फुकटच्या नोंदी फुकट नसतात. कुणीतरी आपली रविवारची दुपार त्यात घालतं, आणि बऱ्याच घरांत ती बायकोची असते.

खारघर सेक्टर २०

कासारवडवली, शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्या अ‍ॅपकडे तुमचा सगळा आर्थिक इतिहास जातो, हेही बघा. अ‍ॅग्रिगेटर रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालतो, त्याला माहिती बघता येत नाही, साठवता येत नाही. माहिती मागणाऱ्या अ‍ॅपला मात्र ती मिळते. संमती किती मुदतीची दिली आहे ते उघडून बघा. ती कधीही मागे घेता येते.

मी जीएनयूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतो. पूर्ण फुकट, स्रोत खुला, १९९८ पासून चालू. फाइल एक्सएमएल किंवा एसक्यूलाइट या खुल्या स्वरूपात राहते, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी माहिती वाचता येते. फंडांचे एनएव्ही, म्हणजे युनिटचे भाव, अ‍ॅम्फी ही फंड कंपन्यांची संघटना रोज साध्या मजकूर फाइलमध्ये प्रसिद्ध करते, तिथून जीएनयूकॅश ते उचलतं. नवी आवृत्ती आली की घ्यावीशी वाटली तर घेतो. प्रश्न पैशाचा उरतच नाही.

नेरूळची सीए

पण भारतीय कराचा अहवाल त्यात नाही, आणि जमा-नावे समजल्याशिवाय ते वापरता येत नाही. माझ्या किती अशिलांना ते जमेल, हे मला माहीत आहे. फुकट आहे म्हणून सगळ्यांना सुचवू नका.

मूळ ठाणेकर, सध्या न्यू जर्सी

इकडचा अनुभव सांगतो, कारण हा वाद अमेरिकेत तीस वर्षं चालू आहे. क्विकन हे तिथलं घरच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर पूर्वी एकदाच विकत घ्यायचं. पण साधारण तीन वर्षांनी त्या आवृत्तीची बँकेतून व्यवहार उतरवण्याची सोय कंपनी बंद करायची, म्हणजे न घेऊन सांगता कुणाला? २०१६ मध्ये इंट्युइट या त्या कंपनीने क्विकन विकून टाकलं, आणि २०१८ च्या आवृत्तीपासून सरळ वर्षाची वर्गणी आली. मायक्रोसॉफ्ट मनी या तशाच सॉफ्टवेअरची विक्री २००९ मध्ये थांबली. नंतर त्यांनी जुन्या ग्राहकांसाठी एक शेवटची फुकट आवृत्ती दिली, जिला ऑनलाइन सोयी नव्हत्या पण फाइल उघडायची. मिंट हे अ‍ॅप तर पूर्ण फुकट होतं, लाखो लोक त्यावर होते, ते २०२४ च्या मार्चमध्ये बंद झालं.

विकत घेतलेलं, वर्गणीचं, फुकट, तिन्ही प्रकार बघितले. मायक्रोसॉफ्टने जाताना फाइल उघडणारी आवृत्ती हातात दिली, हे मला आजही फार मोलाचं वाटतं. तेवढं सौजन्य कुठल्याही वर्गणीच्या करारात लिहिलेलं नसतं.

चरईची

मला याच मुद्द्यावर लिहायचं होतं. बाबांनी वीस वर्षांचा हिशेब एका देशी सॉफ्टवेअरमध्ये ठेवला होता. अतिशय नीटनेटका माणूस. ते गेल्यावर संगणक बिघडला. दुसऱ्यावर तेच सॉफ्टवेअर बसवलं तर ते कंपनीच्या सर्व्हरकडे परवाना तपासायला गेलं, आणि कंपनीने ती आवृत्ती केव्हाच बंद केली होती. फाइल हातात, उघडता येत नाही. नवी आवृत्ती घ्या म्हणाले. घेतली, तर तिला इतकी जुनी फाइल वाचता येईना.

कुठल्या बँकेत कुठली ठेव, कुठल्या पतपेढीत भाग, सगळं आई आणि मी पासबुकांच्या गठ्ठ्यातून शोधलं. राम मारुती रोडच्या एका शाखेतल्या बाईंनी जुनी खाती शोधायला फार मदत केली, त्यांचे उपकार विसरणार नाही.

म्हणून दरवर्षी पैसे भरा की भरू नका, यात मला रस नाही. त्या फाइलमधली माहिती एक्सेलमध्ये पूर्ण बाहेर निघते का, आणि कंपनी नसताना निघते का, हे विचारा. ज्याला "हो" म्हणता येत नाही ते फुकट दिलं तरी घेऊ नका.

नेरूळची सीए

चरईची ताई, वाचून वाईट वाटलं. तरी एक म्हणते, रागावू नका. बाबांनी मध्ये मध्ये आवृत्ती घेतली असती तर फाइलसुद्धा प्रत्येक वेळी नव्या स्वरूपात आली असती. वीस वर्षांची उडी एकदम घ्यावी लागली म्हणून ती वाचता आली नाही.

चरईची

रागावत नाही. पण ते ओझं ग्राहकावर का? लोकांचं आयुष्यभराचं लिहिलेलं सांभाळणाऱ्यानं जुनी फाइल वाचता येण्याची सोय ठेवलीच पाहिजे. पैसे भरत राहिलात तरच तुमचं लिहिलेलं तुम्हाला दाखवू, हे मला मान्य नाही.

पाचपाखाडीकर

चरईची यांच्याशी पूर्ण सहमत, आणि आज रात्री माझ्या फाइलची एक्सेल प्रत काढणार आहे. छापील यादी आईच्या कपाटात ठेवेन.

सीए ताई, आता खरा फरक कुठे पडतो ते सांगा. माझ्यासारख्याला, ज्याच्याकडे बहुतेक फंड आणि ठेवी आहेत.

नेरूळची सीए

फक्त फंड आणि ठेवी असतील तर तुमचं म्हणणं बरंचसं चालेल. थेट शेअर आले की चालत नाही. रिलायन्सच घ्या, कारण ठाण्या-मुंबईतल्या जुन्या घरांत तो असतोच. २००९, २०१७ आणि २०२४ ला एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट. २०२४ च्या बोनस शेअरची किंमत कराच्या दृष्टीने शून्य. आधीच्या दोन्ही बोनसना खरेदीच्या किमतीसाठी ३१ जानेवारी २०१८ च्या भावाचा आधार घेता येतो. मध्ये जुलै २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा मूळ खरेदीची किंमत रिलायन्सला ९५.३२ आणि जिओला ४.६८ टक्के अशी विभागायची. आता हे शेअर वडिलांनी चार वेळा थोडे थोडे घेतले असतील तर प्रत्येक तुकड्याला वेगळी तारीख, वेगळी किंमत, आणि आधी घेतलेला आधी विकला हा नियम. चालू वर्गणीचं चांगलं सॉफ्टवेअर अशा घटना स्वतः नोंदवतं.

शिवाय १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ चा. कलमांचे क्रमांक बदलले, गुंतवणुकीवरच्या वजावटीचं ८०सी आता १२३ झालं. जुन्या आवृत्तीचे कर-अहवाल यापुढे जुन्या क्रमांकांत बोलतील.

पाचपाखाडीकर

पण या वर्षी भरायचं विवरणपत्र २०२५-२६ चं, म्हणजे १९६१ च्याच कायद्याखाली. नव्या कायद्याखालचं पहिलं विवरणपत्र २०२७ मध्ये. मग या मार्चची सवलत कोणत्या घाईची?

रिलायन्सचा तुमचा मुद्दा मात्र मजबूत आहे. माझ्याकडे एका कंपनीचे असे शेअर आहेत. ९५.३२ आणि ४.६८ चा आकडा कंपनीने भागधारकांना स्वतः कळवला होता, ती एक नोंद हातानं करायला अर्धा तास लागतो. एका घटनेसाठी दरवर्षीची वर्गणी मी भरणार नाही. ज्यांच्याकडे अशा पंधरा-वीस कंपन्या आहेत त्यांनी भरावी, त्यांना मी अडवत नाही. माझा निर्णय: यंदा नाही. २०२७ च्या एप्रिलमध्ये नव्या कायद्याचे अहवाल कसे आलेत ते बघून, जुनी फाइल उघडते याची खात्री करून, एकदा घेईन.

कासारवडवलीहून

माझी वर्गणी चालू राहील. एक्सेल प्रत निघते का ते मात्र आज बघितलं. खर्चाची निघते, वर्गवारीची नाही. कंपनीला लिहिलंय.

नेरूळची सीए

त्यांचं उत्तर आलं की इथे टाका, माझेही काही अशील तेच अ‍ॅप वापरतात. पाचपाखाडीकर, तुमच्या निर्णयाशी मी अजूनही सहमत नाही. जिओची विभागणी करताना बोनसच्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांना वेगवेगळी लावा. २०२४ चा बोनस विभागणीच्या नंतरचा आहे, त्याला ती लागू होत नाही.