आधी हात की आधी तक्ता? आटे पाडायला शिकण्यावरून

गाळा सात, वागळे इस्टेट
अप्रेंटिस कायदा १९६१ सालचा. काम करता करता शिकलं पाहिजे हे तेव्हाच मान्य झालं होतं. तरी आयटीआयमधून फिटरची दोन वर्षं करून आलेली मुलं एम१० ला, म्हणजे १० मिमी व्यासाच्या आट्याला, ८.५ मिमीचं ड्रिल हे झोपेतून उठवलं तरी सांगतात आणि पहिल्याच आठवड्यात टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, तोडतात. माझं स्पष्ट मत: पहिले तीन महिने नुसता हात. ड्रिलच्या मापांचा तक्ता, सूत्र, ड्रॉइंग नंतर.

कारण सांगतो. टॅप तुटण्याआधी कळवतो, पण तो हातालाच कळवतो. टॅप फिरवायच्या रिंचवरचा भार हळूहळू वाढतोय तोवर ठीक. ज्या क्षणी रिंच फिरतो पण टॅप फिरत नाही आणि पकड सैल केल्यावर रिंच स्प्रिंगसारखा किंचित मागे येतो, त्या क्षणी टॅप पिळला जातोय. टॅपचं एचएसएस (हाय स्पीड स्टील) कडक असतं, ते वाकत नाही, मोडतं. तिथे जोर न लावता पाव फेरा उलटा घ्यायचा, कीस तुटू द्यायचा, मग पुन्हा अर्धा फेरा पुढे. हे कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही. आणि मोडलेला टॅप साध्या ड्रिलनं निघत नाही, कारण ड्रिलही एचएसएसचंच. जॉब स्पार्क इरोजनला (विजेच्या ठिणगीनं धातू झिजवून काढायला) पाठवा, नाहीतर भंगारात टाका.

रबाळे रोजपाळी
पूर्ण विरोध. तुम्ही ज्याला हात म्हणता त्यातलं अर्धं म्हणजे पाठ केलेला आकडा असतो. "दहाच्या टॅपला साडेआठचं ड्रिल" एवढंच ऐकत वाढलेल्या हेल्परच्या हातात एम१० × १.२५ चा टॅप द्या. तोही दहाचाच, पण फाईन पिचचा, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर कमी. तो साडेआठचंच ड्रिल मारणार. नियम काय? व्यासातून पिच वजा. १० वजा १.५ म्हणजे ८.५, आणि १० वजा १.२५ म्हणजे ८.७५, व्यवहारात ८.८. ८.५ च्या भोकात हा फाईन टॅप घातला तर आट्याची उंची पूर्ण उंचीच्या ९२ टक्क्यांवर जाते. नेहमीच्या नियमानं ती ७७ च्या आसपास असते. एवढा माल काढताना टॅप अडकणारच. इथे हात कितीही तयार असला तरी फार तर सांगेल की घट्ट जातंय. का घट्ट जातंय, हे नाही सांगणार.

एका ओळीची वजाबाकी आहे ही. ती तीन महिने अडवून ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

तुर्भे स्टोअर्स
रबाळेंना दुजोरा, खरेदीच्या बाजूनं. सळईच्या व्यवहारात १० मिमीला तीन सूत म्हणतात. तिथे ते चालतं. पण तीन सूत म्हणजे ३/८ इंच, ९.५२५ मिमी. हेल्पर "तीन सुताचा बोल्ट" मागतो, दुकानदार कधी एम१० देतो, कधी ३/८ इंची व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची आट्याचा) देतो. एकाचा पिच १.५, दुसऱ्याचा इंचाला १६ आटे म्हणजे साधारण १.५९. दोन-तीन आटे सैल चढतात, पुढे अडकतं, आणि मग कोणीतरी पान्याला पाइप लावून आवळतो. हे अज्ञान हाताचं नाही, भाषेचं आहे. आट्यांचं अंतर तपासणारं पिच गेज लावायची सवय पहिल्या दिवसापासून हवी.

घणसोली १९
तुम्ही दोघंही जुन्या वाटांवर भांडताय. आज मुलगा मोबाइलवर टॅपिंगचे चांगले दहा व्हिडिओ बघतो, थांबवून बघतो, पुन्हा बघतो. उस्ताद एकदाच दाखवतो, तेही आपल्याकडे पाठ फिरवून उभा राहिला तर काहीच दिसत नाही. शिवाय काही उस्ताद शेवटची गोष्ट पोटात ठेवतात. व्हिडिओ पोटात काही ठेवत नाही.

कळव्याचा फिटर
घणसोली, व्हिडिओ जरूर बघावेत, पण एक फसगत सांगतो. आपल्याकडे हँड टॅपचा सेट तीनचा: पहिला टेपर, दुसरा सेकंड, तिसरा प्लग. प्लग म्हणजे शेवटचा, बंद भोकाच्या तळापर्यंत आटे नेणारा. अमेरिकी व्हिडिओत प्लग म्हणजे मधला, आणि शेवटच्याला ते बॉटमिंग म्हणतात. तिथला माणूस "प्लग टॅपनं सुरुवात करा" म्हणतो, त्याच्या दृष्टीनं ते बरोबर, कारण त्याच्या टॅपला पुढे तीन ते पाच आट्यांचा उतार असतो. आपला मुलगा सेटमधला प्लग उचलतो. त्याला उतार जेमतेम एक-दोन आट्यांचा. तो भोकात सरळ बसत नाही, तिरपा धरतो आणि मोडतो.

म्हणून नाव ऐकून टॅप उचलू नका, तोंडाकडचा उतार बघा. सेटमध्ये शँकवर (टॅपच्या दांड्यावर) खूणही असते: एक रेघ पहिला, दोन रेघा दुसरा, बिनरेघेचा शेवटचा. आणि दोन फेरे झाले की रिंच काढून ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावा, एकदा समोरून, एकदा काटकोनात बाजूनं. फक्त समोरून बघितलं तर बाजूचा कल लपतो. तेवढं तपासणं व्हिडिओत बहुधा कापलेलं असतं, कारण बघायला कंटाळवाणं.

गाळा सात, वागळे इस्टेट
रबाळे, फाईन पिचचा मुद्दा मान्य. वजाबाकी पहिल्या दिवशी शिकवा, माझी हरकत मागे. पण स्टेनलेसला काय सांगाल? व्यासातून पिच वजा करून ८.५ येतं आणि तरी टॅप जाम होतो, कारण तो माल कापताना कडक होत जातो. इथे जाणकार ८.६ घेतात.

रबाळे रोजपाळी
घेतात, आणि तेही तक्त्यात बसतं. ६एच टॉलरन्समध्ये, म्हणजे आतल्या आट्याला नेहमी धरतात त्या सवलतीत, एम१० च्या भोकाचा आतला व्यास ८.३७६ ते ८.६७६ चालतो. ८.६ म्हणजे मर्यादेच्या आत. ८.७ घेतलं तर बाहेर. हातानं ८.६ पर्यंत पोचाल, पण कुठे थांबायचं ते तक्ता सांगतो.

गाळा सात, वागळे इस्टेट
आणि वंगण? माइल्ड स्टीलला कटिंग ऑइल, अॅल्युमिनियमला केरोसीन, बिडाला (कास्ट आयर्नला) कोरडंच, कारण बिडाचा कीस भुकटीसारखा पडतो आणि तेल घातलं की त्याचा लगदा होऊन आट्यांत बसतो. हे तुम्ही लिहून द्या, मुलगा पाठ करेल. पण तो लगदा एकदा बोटांनी काढला की जन्मात विसरणार नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. जे छापलं गेलं ते तिथे कपाटात शाबूत राहतं. गाळ्यातल्या ज्ञानाला असं कपाट नाही. वागळे इस्टेटमध्ये लेथच्या जागी काचेची ऑफिसं उभी राहतायत. उस्ताद घरी गेला की त्याच्याबरोबर चाळीस वर्षं घरी जातात. म्हणून मी हाताचा हट्ट धरतो. तो हात अजून आहे तोवर मुलं त्याच्या शेजारी उभी राहिली पाहिजेत.

कळव्याचा फिटर
मग हे करून बघा. २० मिमी जाडीची माइल्ड स्टीलची पट्टी घ्या. एक भोक ८.५ चं, एक ९ चं. दोन्हींत मुलाला एम१० चे आटे पाडू द्या. मग प्रत्येक भोक उभं अर्धं होईल अशी दोन्ही भोकांच्या मध्यातून हॅकसॉनं पट्टी कापा, कानस मारून कड साफ करा आणि समोर धरा. ८.५ मध्ये आटे भरलेले दिसतात. ९ मध्ये शेंडे सपाट, उंची निम्मीच. पाडताना ९ वाला हलका गेला होता हे हाताला आठवत असतं, का हलका गेला ते आता डोळ्यांसमोर असतं.

रबाळे रोजपाळी
उत्तम. फक्त पट्टी कापायच्या आधी त्याच्याकडून आट्याच्या उंचीच्या दोन्ही टक्केवाऱ्या कागदावर काढून घ्या. ७७ आणि ५१ यायला हव्यात.

गाळा सात, वागळे इस्टेट
आधी नको. आटे पाडू दे, पट्टी कापू दे, बघू दे. कागद दुसऱ्या दिवशी.