अँजिओप्लास्टीत वायरचा तुकडा आत राहिला, काढायलाच हवा का?

सांगलीकर:
वडील ६८ वर्षांचे, जुना मधुमेह. गेल्या आठवड्यात अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: डायगोनलमध्ये (मुख्य नळीच्या फाट्यात) गाईडवायरचं (नळीत वाट काढणाऱ्या तारेचं) टोक तुटलं, एलएडीतल्या (हृदयाच्या पुढच्या मुख्य नळीतल्या) स्टेंटखाली दाबून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. आईने मात्र काळजात तार ठेवून पाठवलं म्हणून घर डोक्यावर घेतलंय. ती तार गंजते का? सरकते का? ऑपरेशन करून काढावी का?

कॅथलॅबवाला:
मी कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओप्लास्टी करतात तिथे) टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. गोळ्यांचं मला विचारू नका.

ही वायर ०.०१४ इंचाची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. टोकाला मऊ वेटोळं असतं, प्लॅटिनमसारख्या धातूचं, म्हणून स्क्रीनवर ठळक दिसतं. मुख्य नळीत स्टेंट टाकताना फाट्यात एक वायर मुद्दाम ठेवतात. फाटा बुजलाच तर वाट हाताशी राहते. स्टेंट फुगला की ती स्टेंट आणि भिंतीच्या मध्ये दबते. बहुतेकदा अलगद ओढली की येते. पण नळीच्या भिंतीत कॅल्शियम दाट असेल तर सर वायर मागे घेतात आणि स्क्रीनवर टोक जागचं हलत नाही. अशा वेळी लॅबमध्ये लावलेली गाणी कुणीतरी न सांगता बंद करतं.

मग स्नेअर, म्हणजे फास, टाकून बघतात. नाहीतर शेजारून दोन नव्या वायरी घालून एकत्र पिळायच्या, तुकडा पिळात गुंडाळून येतो. ओढाताणीत नळी फाटायची भीती वाटली तर स्टेंटने भिंतीशी चेपून टाकतात. तुमच्याकडे तेच केलेलं दिसतंय.

गंजायचं विसरा, ते स्टील किंवा निटिनॉल (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) असतं. खरा प्रश्न तुकड्याचं मागचं टोक कुठे आहे हा. स्टेंटखाली पूर्ण दबलेलं असेल तर सहसा त्रास देत नाही. पण वेटोळं बॉलपेनच्या स्प्रिंगसारखं उलगडून लेफ्ट मेनमध्ये (एलएडी जिथून निघते त्या डाव्या मूळ नळीत) किंवा महाधमनीत लोंबत असेल तर त्यावर गुठळी धरते, ती मेंदूकडेही जाऊ शकते. तसं असेल तर सर्जनचं मत घ्याच. अँजिओप्लास्टीची सीडी मागून घ्या आणि डॉक्टरांना शेवटच्या शूटवर (एक्स-रे चित्रीकरणावर) बोट ठेवून टोक दाखवायला सांगा.

डॉ_मुग्धा:
सहमत. लेखी मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद नकोत. दात काढायला गेले की हमखास बंद करून येतात! पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तुकड्याबद्दल आधी सांगा.

तिरसट_पुणेकर:
तुटलेल्या वायरीचे पैसे बिलात लावलेत का, ते आधी बघा.

कॅथलॅबवाला:
लावलेच असतील हो. पण वायरच सदोष होती असं वाटत असेल तर मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे (वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम) कळवता येतं. २०१५ पासून चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत. रुग्णाच्या घरच्यांनाही कळवता येतं. फक्त वायरचा लॉट नंबर हाताशी असू द्या. पाकिटावरचं स्टिकर केसपेपरला चिकटवलंय का बघा, झेरॉक्समध्ये ते बऱ्याचदा काळं येतं, तेव्हा मोबाइलवर फोटो काढा.