दुधाच्या बाटलीचं झाकण परत परत वापरायचंय, पण वास जात नाही. डिझाइन कसं बदलू?

काचेच्या बाटलीसाठी आट्यांचं झाकण बनवलंय, पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचं, आत सिलिकॉनची रिंग. गळत अजिबात नाही पण चार-पाच दिवसांनी आंबूस वास येतो, कितीही घासलं तरी. रिंग काढून बघितली तर खाली पिवळट चिकट थर. काय करू?

उत्तर १: तो थरच खरं कारण आहे. रिंग बसते त्या खाचेत दूध शिरतं आणि ब्रश तिथे पोचतच नाही. खाच उथळ आणि गोल कोपऱ्यांची कर, रिंगला छोटं शेपूट ठेव म्हणजे बोटाने ओढून निघेल, नखाने किंवा सुरीने काढायची म्हटलं की लोक काढतच नाहीत. आट्या पण कमी आणि रुंद ठेव.

उत्तर २: आट्या बाटलीच्या बाहेरून असतात ना, मग सील काचेच्या वरच्या कडेवरच बसव, दूध आट्यांपर्यंत जाणारच नाही. तारेच्या क्लिपचं झाकण पण बघ, त्यात आट्याच नसतात.

उत्तर ३: धुताना आधी गार पाणी, मग गरम. एकदम गरम ओतलं की दुधातलं प्रथिन तिथेच चिकटतं. आणि सिलिकॉन वास धरून ठेवतं, त्यामुळे रिंग सुटी बदलता आलीच पाहिजे. झाकण उकळायला हरकत नाही, पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं.

मूळ प्रश्नकर्ता: शेपटाची आयडिया भारी! आजच खाच बदलून नवीन नमुना काढतो.