महागड्या घड्याळावरून लोक बोलतात, तेव्हा काय करावे?

प्रश्न: बरीच वर्षे पैसे बाजूला टाकून मी ओमेगाचे स्पीडमास्टर घेतले. १९६९ साली चंद्रावर गेले त्याच मालिकेतले, रोज चावी द्यावी लागणारे हे घड्याळ मला लहानपणापासून हवे होते. आता सहकारी "एवढ्यात गाडी आली असती" असे ऐकवतात, आणि परवा वहिनींनी सर्वांदेखत किंमत विचारली. बाही खाली ओढून वावरताना फार वाईट वाटते.

उत्तर १: किंमत सांगू नका. माझ्या घड्याळाची मागची बाजू काचेची आहे. कोणी आकडा विचारला की मी ते उलटे करून सेकंदाला आठ ठोके देणारे बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची गती राखणारे मागेपुढे डोलणारे चाक, दाखवतो, आणि बहुतेकांचे कुतूहल तिकडे वळते.

उत्तर २: सहकाऱ्यांबाबत हे पटते, पण वहिनी घरच्या आहेत, त्यांना एकांतात खरा आकडा आणि पैसे कसे साठवले तेही सांगा. आमचे वडील एचएमटी जनताला रोज सकाळी चावी देत, त्यामुळे घरात ही आवड कोणाला उधळपट्टी वाटली नाही. मात्र कोणाचे उसने पैसे फेडायचे असतील, तर आधी ते फेडावेत.