वीज नसलेल्या पिनबॉलमध्ये नाणे नेमके काय करत असे?

प्रश्न: शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी १९३१ साली आणलेल्या ‘बॅफल बॉल’ या पिनबॉल यंत्राला (उतरत्या फळीवर गोळी सोडून ती गुणांच्या छिद्रांत पाडण्याचा खेळ) वीज लागत नव्हती. मग खेळून झालेल्या गोळ्या परत कशा मिळत आणि गुण कोण मोजत असे?

उत्तर १: सारे काम हाताच्या जोरावर चाले. सरकत्या पट्टीच्या खाचेत नाणे ठेवून ती आत ढकलली की खेळाच्या फळीखालची दुसरी फळी सरकत असे आणि छिद्रांत बसलेल्या गोळ्या खाली पडून उतारावरून पुढे जमत. नाण्याशिवाय पट्टी आत जातच नसे. पुढे एकेक गोळी वर आणून स्प्रिंगच्या दट्ट्याने सोडायची. हा दट्टा मात्र त्याहून बराच जुना, संशोधक माँटेग्यू रेडग्रेव्ह यांच्या १८७१ च्या पेटंटमधला.

उत्तर २: गुणांची बेरीज खेळाडूच करी. पुढचे नाणे पडेपर्यंत गोळ्या काचेखाली जागच्या जागी राहत असल्यामुळे ती कोणालाही पडताळता येई, आणि माझ्या मते या रचनेतील खरी हुशारी हीच आहे.

उत्तर ३: एक पुरवणी. फ्लिपर, म्हणजे बटण दाबून गोळी परत वर उडवणाऱ्या छोट्या दांड्या, आले १९४७ साली, ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात. तोवर गोळी सुटल्यावर यंत्राला हलका धक्का देणे एवढेच खेळाडूच्या हाती असे. त्याचा अतिरेक रोखण्यासाठी पिनबॉल यंत्रांचे रचनाकार हॅरी विल्यम्स यांनी छोट्या बैठकीवर एक गोळी ठेवली, जी जोराच्या धक्क्याने खाली पडे आणि अतिरेक उघड होई. असा धक्का ओळखण्यासाठी लोंबकाची (टांगलेल्या, डोलणाऱ्या वजनाची) युक्ती त्यांनी नंतर वापरली.